आकड्याचा हिशेब

दिवाळी झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात मंडया भरतात. लेकी-जावई येतात. रात्री दंडार होते, नाटक होते. त्याच गर्दीच्या कडेला कोणी झेंडीमुंडीचे कापड अंथरतो. लोक भोवती बसतात. सट्टापट्टी तर बाराही महिने चालते.

आम्ही शाळेत होतो तेव्हा लोक येऊन विचारीत, "गुरुजी, स्वप्नात साप दिसला. आकडा कोणता लावू?" आम्ही नुसते हसत असू. हसायला नको होते. पाटी काढून हिशेब दाखवायला हवा होता. तो आज दाखवतो.

शून्य ते नऊ असे दहा आकडे. दहा जणांनी एकेका आकड्यावर एकेक रुपया लावला. खायवाळाकडे दहा रुपये जमले. ज्याचा आकडा निघाला, त्याला नऊ रुपये मिळाले. एक रुपया खायवाळाकडे राहिला. एखाद्या दिवशी एकाच आकड्यावर फार पैसे लागले, तर त्यालाही तोटा होतो. पण वर्षाकाठी तोच पुढे.

आता तेच दहा जण मिळालेले पैसे पुन्हा लावतात असे धरा. सगळ्यांचे मिळून १०० रुपये होते. पहिल्या फेरीला ९० उरले. दुसरीला ८१. तिसरीला ७३ च्या आत. सातव्या फेरीला ४८ सुद्धा नाहीत! कोणी चोरी केली नाही, तरी अर्धे गेले. आणि आकडा काढताना आपण तेथे नसतो, हे वेगळेच.

मग कोणाचा आकडा लागतच नाही का? लागतो. लागल्याची गोष्ट गावभर होते. गेल्याची घरातच राहते.

हा आकडा आला कोठून? न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे भाव तारेने मुंबईस येत. त्यांवर लोक पैजा लावीत. १९६१ मध्ये ते बंद पडले. मग १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. मडक्यातून चिठ्ठी काढीत, म्हणून मटका.

गोव्यात मांडवी नदीत मोठ्या बोटींवर कॅसिनो आहेत. तेथे थंड हवा, गालिचे, गाणी. एका प्रकारच्या चक्रावर ३७ घरे असतात. घर लागले तर एका रुपयाचे ३६ मिळतात. म्हणजे ३७ घेऊन ३६ द्यायचे. आमच्या पानठेल्याचेच गणित, फक्त कोट घातलेले. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता. तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. जुगारबंदीचा १८८७ चा कायदा मात्र आहे. सरकारची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे. ती कायदेशीर आहे. पण हिशेब तिलाही लावून पाहावा.

आता जुगार मोबाईलमध्ये शिरला. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी आपल्या गोंदिया शहरात एका घरावर छापा घातला. कोट्यवधी रुपये रोख व किलोंनी सोने सापडले. ऑनलाइन जुगारात ५८ कोटींना फसलो, अशी नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती. तो शिकलेला, व्यवहारी माणूस! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ चालवणे व त्यांची जाहिरात करणे हा गुन्हा ठरवला. मोबाईलवर कोणी फसवले तर १९३० या नंबरावर लगेच फोन करावा. उशीर करू नये, लाजू तर मुळीच नये.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. धानाचे चुकारे झाले आणि चार दिवसांत पासबुक रिकामे झाले. वर उधारीवर खेळला. खायवाळाचा माणूस दारात येऊन बसू लागला. बायकोने डोरले काढून ठेवले होते. तेव्हा तो आमच्याकडे आला. आम्ही त्याला सांगितले, १८७२ च्या करार कायद्याचे ३० वे कलम आहे. पैजेचे देणे कोर्टात वसूल होत नाही. हरलेले आपल्यालाही परत मागता येत नाही, पण डोरले विकायचे कारण नाही. धमकी दिली तर पोलिसांत जा. तो म्हणाला, "हे आधी कोणी का नाही सांगितलं, गुरुजी?"

डोरले घरीच राहिले. या वर्षीच्या चुकाऱ्यांचे पासबुक बायकोकडे आहे. ती आमच्या संध्याकाळच्या वर्गाला येते. शंभराचा हिशेब तिने सातव्या फेरीपर्यंत स्वतः केला. तुम्ही पाटी घ्या आणि आठवी फेरी करा.