रानातून आलीस की आधी न्हाणी

बाय, काल रात्री अकराला तुझा फोन आला, तेव्हा आवाजावरूनच कळलं. लेकाच्या कानामागं गोचीड सापडली, तू ती काढलीस, आणि तेव्हापासून झोपलेल्या पोराच्या कपाळाला दर तासाला हात लावतेयस. पुणं सोडून दोडामार्गात येऊन तुला अजून काजूचा एक हंगामही पुरा झाला नाही, त्यात शेजारणींनी गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाच्या गोष्टी सांगून ठेवल्या. घाबरू नको असं मी म्हणणार नाही. ह्या भागात राहायचं तर थोडं भ्यायलाच हवं. पण रिकामी भीती घरभर फिरते आणि कामाला लावलेली भीती एका जागी बसते. यातली जवळजवळ प्रत्येक चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून लिहून पाठवते. फडताळाच्या दाराला आतून चिकटव.

१. आधी गोचीड ओळखायला शिक. पावसाळ्यात गुरांच्या अंगावर वाटाण्याएवढ्या फुगलेल्या दिसतात, त्या मोठ्या गोचिडी माणसाच्या वाटेला फारशा जात नाहीत. माकडताप देतात ती बारकी पिल्लं, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी – आणि ती नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत पातेऱ्यात, झाडाखाली पडलेल्या सुक्या पाल्यात असतात, नेमकी आपण काजू वेचायला वाकतो तेव्हा.

२. चावली की समजेल, ह्या भरवशावर राहू नको – ती चावताना दुखतही नाही आणि खाजतही नाही. ताप आलेल्या कितीतरी माणसांना चावल्याचं आठवतसुद्धा नाही.

३. प्रत्येक गोचिडीत आजार नसतो, हेही तितकंच मनात ठेव. लेकाला एक चावली म्हणजे लेक आजारी पडला असं नव्हे – आजार रानातल्या ठरावीक जागी असतो, जिथं माकडं मरतात तिथं जास्त.

हा माकडताप काही आपल्या गावानं आणलेला नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसं तापली. पुण्याच्या विषाणू केंद्रातल्या माणसांनी, म्हणजे आज जिला आपण एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणतो तिथल्यांनी, तेव्हा तो विषाणू शोधून काढला. मग तो घाटाच्या कडेकडेनं सरकत राहिला. २०१५ला गोव्यात सत्तरीच्या पाली गावात, २०१६ला आपल्या तालुक्यातल्या केरमध्ये, २०१७ला बांद्याच्या बाजूला. त्या वर्षांत इकडच्या बायका काजूच्या बागेत पाय टाकायला घाबरत होत्या. पण बागा सोडून कोणी गेलं नाही. बागेत जायची रीत तेवढी बदलली.

४. जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, पायजमा मोज्यात खोच आणि सदरा पायजम्यात – गोचीड उडत नाही, खालून वर चढते. तिला कापडाबाहेरच फिरत ठेवायचं. कापड फिकट रंगाचं असू दे. पांढऱ्यावरचा ठिपका दिसतो, काळ्यावरचा अंगात जातो.

५. आरोग्य केंद्रात गोचीड दूर ठेवणारं तेल मिळतं, ते हातापायांना लावून जा आणि घामानं गेलं की पुन्हा लाव – सकाळी एकदा लावलेलं तेल दुपारपर्यंत राखण करत नाही. घरी आलीस की धुऊन टाक. लेकाच्या तळव्यांना नि तोंडाला मात्र लावू नको, त्याचे हात सारखे डोळ्यांत नि तोंडात जातात.

६. बागेत न्याहारीला बसायचं तर कातळावर बस किंवा पातेरा काठीनं बाजूला करून मोकळ्या मातीवर बस – पातेऱ्यावर टेकलेली पाठ म्हणजे गोचिडीला घातलेलं पायपुसणं. जावईबापूंना दुपारी काजूखाली आडवं व्हायची हौस आहे, मला ठाऊक आहे. त्यांना घरच्या पडवीत झोपव.

७. रानातला पातेरा गोठ्यात अंथरायला आणू नको, जुन्या बायांनी कितीही सांगितलं तरी. कवळ, म्हणजे झाडांचा ओला पाला-फांद्या, तोडून आणलास तर खळ्यात अंगणाजवळ रचू नको – भाजावळीला लागतोच, तर थेट शेतात टाकावा; घराशी रचलेल्या रानातून गोचीड पायऱ्या चढून येते. आम्ही वर्षानुवर्षं गोठ्यात पातेराच घातला. आता भाताचं पिंजर घालतो.

८. काजू झाडाखालून वेचण्याआधी खालचा पातेरा एकदा लांब दाताळ्यानं ओढून घे – बी पटकन दिसते आणि हात पाल्यात खुपसावा लागत नाही. हे बागायतदार सफाईसाठी करतात. मी जिवासाठी करायला सांगते.

९. बागेतून आलीस की आधी न्हाणी, मग चूल. लेकाला उचलायचं ते आंघोळ झाल्यावर, तो कितीही रडला तरी – दहा मिनिटांचं रडू पुरवतं, दहा दिवसांचा ताप पुरवत नाही.

१०. रानातले कपडे न्हाणीतल्या वेगळ्या खुंटीवर टांग, गादीवर नको. कढत पाण्यात भिजव आणि कडक उन्हात खडखडीत वाळव – थंड पाण्यात बुचकळून गोचीड मरत नाही, तिला ऊन आणि कोरडेपणा मारतो.

११. आंघोळीनंतर उजेडात अंग तपासायचं. नजरेपेक्षा बोटांवर विश्वास ठेव – तांदूळ निवडताना खडा जसा बोटाला लागतो, तशी ती लागते. कानामागं, मानेवरच्या केसांच्या रेषेत, काखेत, बेंबीत, नाडीच्या वळाखाली, जांघेत, गुडघ्यामागं, पायांच्या बोटांच्या बेचक्यात. मुलांचं डोकं केस बाजूला करत करत.

१२. लेकाला हे तपासणं वाटू देऊ नको. माझ्या मुलांना मी "आज किती काजू सापडले?" असं म्हणत डोक्यापासून पायापर्यंत मोजत असे – आईच्या बोटात भीती असली की पोर अंग चोरतं, आणि चोरलेल्या अंगातच गोचीड राहते. तुझ्या पाठीला जावईबापूंचे डोळे, त्यांच्या पाठीला तुझे. सांज दिव्याची तशी ही तपासणीची वेळ करून टाक.

१३. आता सापडली तर काय, ते नीट वाच. बारीक टोकाचा चिमटा, अगदी कातडीला लागून तोंडापाशी धरायचा, आणि सरळ वर, न पिळता, एका दमानं सावकाश ओढायचं – पोटाला धरलंस तर दाबली जाते, आणि पिळलंस तर तोंड आत तुटतं. काल तू नखांनी काढलीस म्हणालीस. झालं ते झालं. पण पुढच्या वेळी नख नको.

माझा थोरला सहा वर्षांचा असताना मी त्याच्या कानामागच्या गोचिडीवर रॉकेलचा बोळा धरला. ती सुटली नाही, त्याची कातडी भाजल्यासारखी झाली, मग मी घाबरून ओरबाडली. तोंड आत राहिलं आणि ते काढायला मी सुईनं टोकरलं. ती जखम पंधरा दिवस चिघळत होती. पोर रात्री कूस बदलताना रडायचं आणि मी पलीकडे जागी. गोचिडीनं त्याला काही केलं नव्हतं. केलं ते मी. म्हणून:

१४. रॉकेल नाही, चुना नाही, तंबाखू नाही, उदबत्तीचा चटका नाही, तूप नाही – तिला त्रास दिला की ती निघायच्या आधी आतलं ओकते. तोंडाचा तुकडा राहिलाच तर राहू दे. कातडी त्याला आपणच बाहेर टाकते.

१५. काढल्यावर जागा साबणानं धू, तुझे हातही धू. गोचीड बोटांत चिरडू नको, चिकटपट्टीत गुंडाळून टाक किंवा स्पिरिटच्या बाटलीत बुडव – तिच्या पोटातलं रक्त तुझ्या बोटाच्या चिरेतून आत जायला नको. २०११मध्ये गुजरातेत साणंदकडे जो काँगो ताप निघाला, तोही गोचिडीचाच, आणि तो तर जनावराच्या ताज्या रक्तातूनही लागतो.

१६. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिही: कोणाला, कुठं चावली, त्या दिवशी कोणत्या बागेत गेला होता. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम – डोक्यातली तारीख तापात विरघळते, भिंतीवरची तशीच राहते.

ह्या तारखेचं मोल मला कसं कळलं ते सांगते. बांद्याकडे साथ होती त्या मार्चमध्ये तुझे काका दुपारी बागेतून आले ते थंडी वाजूनच. कपाळ फुटेल असं दुखत होतं, कंबरेला नि मांड्यांना तर हात लावू देत नव्हते. मी म्हटलं ऊन लागलं. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून दिल्या, चार दिवस दिल्या. पाचव्या दिवशी दात घासताना हिरडीतून रक्त आलं तेव्हा गाडी केली. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, ताप कोणत्या दिवशी आला, त्याआधी रानात कधी गेले होते. मला दोन्ही सांगता आलं नाही. ते बरे झाले, देवाची कृपा आणि त्या पोरसवदा डॉक्टरांची मेहनत. पण दीड महिना त्यांना घागर उचलवत नव्हती.

१७. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप येऊ शकतो. तेवढे दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लाव, मधल्या वेळात नको – तासातासाला हात लावून ताप कळत नाही, पोराची झोप तेवढी मोडते. पारा बोलेल तेव्हा ऐक, तो गप्प असेल तेव्हा तूही झोप.

१८. एकदम चढलेला ताप, भयंकर डोकेदुखी, अंग मोडून येणं, लाल डोळे, उलट्या – यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठ आणि आपण होऊन सांग, "काजूच्या बागेत जातो, गोचीड चावली होती." पहिल्या दिवसांतच विषाणू रक्तात सापडतो, म्हणून नमुना लवकर गेलेला बरा. नाकातून, हिरडीतून रक्त आलं तर वाट पाहायचीच नाही.

१९. ताप उतरवायला साधी पॅरासिटामॉल, तीही वजनाच्या मापात. ॲस्पिरिन किंवा दुकानदारानं दिलेली अंगदुखीची गोळी नको – ह्या तापात रक्त वाहायची भीती असते आणि त्या गोळ्या ती वाढवतात. ह्या विषाणूवर नेमकं औषध नाही. सलाईन, विश्रांती आणि डॉक्टरांची नजर यांवरच माणूस निभावतो. बहुतेक सगळे निभावतात. शंभरात तीन ते पाच जात होते असं आजवरच्या साथी सांगतात, म्हणून उशीर नको.

२०. ताप गेला म्हणून लगेच कोयता हातात द्यायचा नाही. काहींना आठ-पंधरा दिवस बरे गेल्यावर ताप पुन्हा येतो, डोकं धरतं, हात कापतात, माणूस असंबद्ध बोलतो – ओसरलेला ताप दारातून गेला की उंबऱ्यावर थांबलाय, ते दोन आठवडे पाहावं.

२१. तापलेल्या माणसाचं ताट-वाटी वेगळं करू नको, शेजारी कोणी करत असेल तर प्रेमानं समजाव – माकडताप माणसाकडून माणसाला लागत नाही. त्या मार्चमध्ये आमच्या दारात दोन आठवडे कोणी पाणी प्यायला थांबलं नाही, ते मला तापापेक्षा जास्त लागलं.

२२. रानात माकड किंवा वानर मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नको, ग्रामपंचायतीला, वनखात्याला, आरोग्य केंद्राला कळव – अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि भोवती पसरतात, म्हणून खात्याची माणसं पन्नास फुटांपर्यंत पावडर मारतात. आपल्याकडे वानराला मारुतीचं रूप मानून नारळ ठेवून पुरतात. तो भाव खरा आहे, माझाही आहे. पण नारळ घरच्या देवापुढं ठेव.

२३. गुरं आणि कुत्रा यांचं औषध पशुवैद्याला विचारूनच, त्यानं सांगितलेल्या मापात – माकडतापाचा विषाणू गाय देत नाही, पण गोचिडीची पिढी गाईच्या रक्तावरच वाढते. कुत्र्याच्या कानात आणि पट्ट्याखाली रोज बोट फिरव. त्याची गोचीड चिऱ्याच्या भिंतीच्या फटीत अंडी घालते, त्या फटी बुजवून घे. गोठ्यातलं फवाऱ्याचं औषध पोराच्या डोक्याला, पांघरुणाला कधीच नाही.

२४. अंगावर कुठं न दुखणारी काळी खपली आणि ताप असेल, तर ती डॉक्टरांना मुद्दाम दाखव – तो स्क्रब टायफस असू शकतो, २०१८ला नागपूरकडे फार झाला होता. तो गोचिडीचा नव्हे, त्याहून बारीक किड्याचा. वेळेत कळला तर साध्या औषधानं बरा होतो. पावसाळ्यातल्या तापाला मात्र लेप्टो आणि डेंगी आधी आठवायचा.

२५. तुझी धाकटी बहीण कनेक्टिकटहून लाइम ह्या गोचिडीच्या आजाराचं काय काय पाठवते, ते लाल वर्तुळाचे फोटोसुद्धा. तिच्या अंगणात ते खरंच आहे, आजाराचं नावच तिकडच्या गावावरून पडलं. तिनं तिच्या डॉक्टरांचं ऐकावं. तू लेकाच्या पायावर वर्तुळ शोधत बसू नको – माकडतापात ते येत नाही, आणि चुकीच्या खुणेची वाट पाहताना खरी निसटते.

आता कालचं. कॅलेंडरवर काल तारखेला लेकाचं नाव लिही, पुढे नऊ दिवसांनी एक फुली मार. त्या फुलीपर्यंत दोन वेळा थर्मामीटर. चिमटा आज बाजारातून आण, फडताळाच्या वरच्या खणात ठेव, दुसऱ्या कशाला वापरू नको. सुताराला बोलावून न्हाणीत दोन खुंट्या मारून घे, लेकाचा हात पोचणार नाही अशा. एक तुमच्या रानातल्या कपड्यांना. दुसरी माझ्या लुगड्याला. रविवारी तुमच्या बागेतून फिरून मग घरात येईन म्हणते.