झाडापाशी थांबलेले मूल



मे महिना आला की आपल्या धर्मग्रामात ये-जा सुरू होते. मुंबईचे चाकरमानी मुलांना घेऊन गावी येतात आणि गावची काही कुटुंबे मुलांना मुंबई दाखवायला नेतात. मुंबई दाखवायची म्हणजे गेटवे, चौपाटी, माउंट मेरी आणि भायखळ्याची राणीची बाग हे ठरलेलेच. मागे एका मे महिन्यात धर्मशिक्षण वर्गातील नऊ लहान मुले, त्यांचे आईवडील आणि दोन शिक्षिका यांच्यासोबत आम्हीही त्या बागेत गेलो होतो. मुले चार ते आठ वर्षांची होती. त्या एका सकाळने आम्हांला जो धडा दिला, तो ह्या रविवारी आपल्यापुढे ठेवत आहोत.

ही बाग मुळात कशाची?

राणीची बाग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाघ, हत्ती आणि आता पेंग्विन येतात. पण ही बाग मुळात झाडांची आहे. शिवडीला पूर्वी एक वनस्पती उद्यान होते. त्या जागेवर पुढे शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी झाली. आपल्यापैकी कित्येकांचे मुंबईतले आप्त तिथे विसावले आहेत. त्या उद्यानाऐवजी १८६१ साली भायखळ्याला नव्या बागेचे काम सुरू झाले आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. प्राणी तिथे आले ते बऱ्याच उशिरा, १८९० साली. १९६९ साली बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देण्यात आले. आज सुमारे ५३ एकरांच्या ह्या जागेत तीन हजारांवर झाडे आहेत आणि त्यांच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. मुंबईच्या मध्यावर, पैसेवाल्यांबरोबर गिरणी कामगारांच्या मुलांनाही जिथे सावली मिळाली, अशी ही जागा आहे.

त्या सकाळी काय झाले?

आम्ही कुडाळहून रात्रीची गाडी धरली होती. जागरणाने मोठी माणसे वैतागलेली होती. आम्ही कागदावर वेळापत्रक आखले होते: आधी पेंग्विन, मग वाघ, मग डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि त्याच्या बाजूचा घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. झाडांसाठी कागदावर वेळच नव्हता.

वाटेत गोरखचिंचेचे झाड लागले. आफ्रिकेतून आलेले हे झाड. बुंधा एवढा फुगीर की पाच-सहा मुलांनी हात धरले तरी कवेत येणार नाही. फांद्यांना नुकतीच पालवी फुटत होती. आमच्यातला सर्वांत लहान, चार वर्षांचा मुलगा तिथे थांबला आणि वर बघत राहिला. आई म्हणाली, "चल रे बाबू, पेंग्विन बघायचे आहेत ना?" तो हलेना. आम्हीही आवाज चढवला. शेवटी त्याच्या बाबांनी त्याला उचलून खांद्यावर टाकले आणि तो रडतच पेंग्विनच्या रांगेत आला.

पेंग्विन पाहून सगळी मुले खूष झाली, हे खरेच. तोही हसला. पण परतताना तो पुन्हा त्याच झाडाकडे धावला. आता आमच्याही अंगात घाई उरली नव्हती. आम्ही सगळे तिथेच टेकलो. झाडाच्या पाटीवर शास्त्रीय नाव होते: अ‍ॅडन्सोनिया डिजिटाटा. सेमिनरीत शिकलेले थोडे लॅटिन तेव्हा उपयोगी पडले. 'डिजिटस' म्हणजे बोट. ह्या झाडाचे पान हाताच्या पंजासारखे, पाच-सात बोटांचे असते, म्हणून हे नाव. खाली पडलेले एक कोवळे पान मुलांनी आपापल्या तळहातावर ठेवून पाहिले. मग त्या लहानग्याने आम्हांला विचारले, "फादर, ह्यां झाड कोणी लायल्यान?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाला चार वर्षांच्या मुलाने गप्प केले. ह्या प्रसंगातून आम्ही तीन गोष्टी शिकलो.

१. आधी पाहावे, मग फळ मोजावे

उत्पत्तीच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, देवाने बागेत झाडे उगवली त्याचे वर्णन आहे. तिथला क्रम लक्षात घ्या. झाडे दिसायला सुंदर होती हे आधी सांगितले आहे आणि फळे खायला चांगली होती हे नंतर. आपण किनाऱ्यावरची माणसे हा क्रम उलटा करतो. माड म्हटला की नारळ किती, काजू म्हटला की बीचा दर काय, हापूस म्हटला की पेटी कितीला गेली, हेच आपल्या तोंडी येते. ह्यात पाप नाही, पोट त्यावरच भरते. पण ज्या झाडाचे काही विकता येत नाही, ते मग आपल्याला दिसेनासेच होते. लहान मुलाला अजून दर ठाऊक नसतो, म्हणून त्याला झाड दिसते. त्याला ओढत पुढे नेताना आपण त्याचे काय हिरावून घेतो, ह्याचा विचार करावा.

२. नाव विचारावे

आश्चर्य वाटणे ही तत्त्वज्ञानाची सुरुवात, असे ॲरिस्टॉटल मानत असे. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस ह्याने झाडांवर ग्रंथ लिहिले. त्यालाच पुढे वनस्पतिशास्त्राचा जनक म्हटले गेले. आश्चर्याचे पहिले पाऊल म्हणजे नाव विचारणे. आदामाला देवाने दिलेले एक पहिले काम प्राण्यांना नावे देण्याचे होते. नाव द्यायचे तर आधी थांबून नीट पाहावे लागते.

आपल्याच ख्रिस्तसभेत असे पाहणारे धर्मगुरू होऊन गेले. फादर सांतापाव हे १९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेले येशूसंघी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. खंडाळ्याच्या घाटात फिरून त्यांनी तिथल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशातून आलेल्या ह्या माणसाला आपल्या घाटातली झाडे नावाने ठाऊक होती. आपल्या मुलांना परसातली सुरंगी, उंडी आणि सातवीण ओळखता येतात का?

३. कोणी लावले, हे विसरू नये

राणीच्या बागेतले बरेच वृक्ष दूरदेशचे आहेत. गोरखचिंच आफ्रिकेची, तर बुंध्यालाच फुले धरणारा कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडेही तसेच आहे. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला. अनेक चर्चच्या आणि दफनभूमींच्या आवारात दिसणारा चाफा मूळचा मध्य अमेरिकेचा. आपण ज्याला 'आपले' म्हणतो ते कोणीतरी आणले, लावले आणि पाणी घालून जगवले.

आणि कोणीतरी राखलेही. २००७ साली राणीच्या बागेचा कायापालट करण्याची मोठी योजना पुढे आली. झाडांवर गदा येईल म्हणून मुंबईतील काही महिलांनी आवाज उठवला. बागेत कोणकोणते वृक्ष आहेत हे त्यांनी लोकांपुढे मांडले आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ज्यांना झाडांची ओळख होती, त्यांनाच ती वाचवावीशी वाटली.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. त्याच्या घरच्यांच्या परवानगीने लिहीत आहोत. गावी परतल्यावर त्याने परसातल्या रातांब्याखाली उभे राहून आजीला तोच प्रश्न विचारला. आजीला उत्तर ठाऊक होते. तिच्या सासऱ्यांनी ते झाड लावले होते आणि ती लग्न होऊन आली तेव्हा ते तिच्या कमरेएवढे होते. हे घरात कोणीच कधी विचारले नव्हते. गाडीसाठी शेड घालायची म्हणून तो रातांबा पावसाआधी तोडायचे ठरले होते. माणूसही सांगून ठेवला होता. आजीने तोवर तोंडातून शब्द काढला नव्हता, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. त्या रात्री घरात बरेच बोलणे झाले. गाडी अजून आंब्याच्या सावलीत उभी असते. रातांबाही उभा आहे. ह्या वर्षीची सोलां वाळली तेव्हा आजीने आम्हांलाही थोडी पाठवली.

मुलांना बागेत नेताना

सकाळी लवकर जावे. राणीची बाग बुधवारी बंद असते. एका फेरीत सारे पाहण्याचा हट्ट धरू नये. तीनच झाडे ठरवावीत आणि प्रत्येकापाशी निदान दहा मिनिटे बसावे. सालीला हात लावू द्यावा, पण पाने-फुले तोडू देऊ नयेत. खाली पडलेले पान पाहायला पुष्कळ असते. पाटी असेल तर नाव मोठ्याने वाचावे. मुलाने विचारलेले आपल्याला ठाऊक नसेल तर "मला माहीत नाही, आपण विचारू या" असे म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

मुंबईला जाणे सर्वांना जमेल असे नाही. वेंगुर्ल्याला १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे. 'वेंगुर्ला ४' आणि 'वेंगुर्ला ७' ह्या काजूच्या जाती, तसेच 'रत्ना' आणि 'सिंधू' हे आंबे तिथलेच. आधी विचारून मुलांना तिथे नेता येईल. तेही जमले नाही तर आपले परसू आहेच.

कुटुंबात बोलण्यासाठी

१. आपल्या परसातल्या किती झाडांची नावे मुलांना ठाऊक आहेत? आपल्याला किती ठाऊक आहेत?

२. त्यातले सर्वांत जुने झाड कोणी लावले? हे सांगू शकेल असे घरात कोण आहे? त्यांना आपण शेवटचे कधी काही विचारले?

३. ह्या पावसाळ्यात मुलाच्या हातून एक झाड लावता येईल का? पुढे कोणीतरी "हे कोणी लावले?" असे विचारील, तेव्हा त्याचे नाव सांगता येईल.

प्रभू आपल्या घरांना आणि परसांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू