‘स्प्लिट अप’ की ‘स्प्लिट ऑफ’?

मुलांनो, इंग्रजीत क्रियापदाला एक छोटा शब्द जोडला की अर्थ बदलतो. ‘स्प्लिट’ म्हणजे दुभंगणे, वेगळे होणे. त्याला ‘अप’ जोडा नाहीतर ‘ऑफ’ जोडा, वेगळे होणे दोन्हींत आहेच. मग फरक काय? आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावरूनच पाहू.

नारळ फोडला की दोन भकले होतात. अख्खा नारळ उरतो का? नाही उरत. हे झाले ‘स्प्लिट अप’. येथे ‘अप’ म्हणजे ‘पुरते’. १ मे १९६० रोजी जुन्या मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्ये झाली. जुने राज्य उरले नाही. म्हणून म्हणायचे:

बॉम्बे स्टेट वॉज स्प्लिट अप इन्टू महाराष्ट्र अँड गुजरात.

आता वादळात आंब्याची फांदी तुटली, तर झाड उभेच राहते. हे झाले ‘स्प्लिट ऑफ’. ‘ऑफ’ म्हणजे मुळापासून सुटून बाजूला. १ मे १९८१ रोजी सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले, मालवण, कणकवली, देवगड हा दक्षिणेकडचा भाग निघाला आणि सिंधुदुर्ग जिल्हा झाला. पण रत्नागिरी जिल्हा त्याच नावाने राहिला. मंडणगडपासून राजापूरपर्यंत त्याचे नऊ तालुके आहेत. म्हणून:

सिंधुदुर्ग वॉज स्प्लिट ऑफ फ्रॉम रत्नागिरी.

लक्षात ठेवा:
१. ‘अप’नंतर ‘इन्टू’ (कशाकशात?), ‘ऑफ’नंतर ‘फ्रॉम’ (कशापासून?).
२. भूतकाळातही ‘स्प्लिट’च. ‘स्प्लिटेड’ लिहू नका.

आता एक सावधगिरी. आपल्यापैकी कितीतरी जणांचे बाबा, काका कामासाठी मुंबईला असतात. म्हणून कोणी ‘माय फॅमिली स्प्लिट अप’ असे लिहील. तसे लिहू नका हं! माणसांविषयी ‘स्प्लिट अप’ म्हटले की नातेच तुटले असा अर्थ होतो. बाबा तर गणपतीला घरी येतातच! नुसते अंतर पडले, घर नाही मोडले. तेव्हा सरळ लिहा: माय फादर वर्क्स इन मुंबई.

स्वाध्याय: ‘अप’ की ‘ऑफ’?
१. बाईंनी वर्गाचे चार गट पाडले.
२. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला.
३. होडीच्या फळीचा एक तुकडा निघाला.

आधी स्वतःला विचारा, ‘मूळ वस्तू उरली का?’ उत्तर आपोआप सापडेल. मग वहीत लिहून गुरुजींना दाखवा.