जास्तीचे पैसे कशासाठी?
(हिशोबाचा पाठ : मोठ्या गटासाठी. पालकांनीही मुलांबरोबर वाचावा.)

मुलांनो,

शाळेचे नवे वर्ष जवळ आले की आपल्यापैकी कितीतरी घरांत एकच वाद सुरू होतो. मुलांना महागातला लॅपटॉप हवा असतो आणि आईबाबा म्हणतात, "साधा घे, अभ्यासाला तेवढा पुरतो." दोघांचेही थोडे खरे असते. मग भांडण न करता निर्णय कसा करायचा? कागद-पेन्सिल घेऊन. आजचा पाठ त्याचाच आहे. पाठातले घर कल्पनेतले आहे आणि दुकानातल्या किमतीही हिशोबासाठी धरलेल्या आहेत. पण असा प्रसंग तुमच्याकडे येऊन गेला असेल, नाहीतर येणार असेल.

मनामामधल्या एका घरात आई, बाबा, दहावीतली ताई आणि सहावीतला धाकटा भाऊ राहतात. घरातला जुना लॅपटॉप अगदी दमला होता. बाबांनी नव्यासाठी २३० दिनार बाजूला ठेवले होते. शुक्रवारी संध्याकाळी चौघेही दुकानात गेले. विक्रेत्याने दोन यंत्रे पुढे ठेवली. पहिले १९० दिनारांचे. दुसरे ३२० दिनारांचे, चकचकीत धातूचे, हातात घेताच आवडावे असे.

"बाबा, हाच! माझ्या वर्गात सगळ्यांकडे असाच आहे," ताई म्हणाली.

बाबा गप्प राहिले. २३० च्या वरचे ९० दिनार कुठून आणायचे हे त्यांना माहीत होते. साताऱ्याला आजीच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि शस्त्रक्रियेसाठी ते दर महिन्याला थोडे थोडे साठवत होते. "आज नको, घरी जाऊन विचार करू," एवढेच ते म्हणाले.

पायरी पहिली : आकडा लहान दिसतो, म्हणून फसू नका

३२० वजा १९० म्हणजे १३० दिनार. "एकशे तीसच तर!" असे धाकट्याला वाटले. तसे वाटते, कारण आपला दिनार मोठा आहे. एका दिनाराचे १००० फिल्स होतात आणि एक अमेरिकन डॉलर ३७६ फिल्सना बांधलेला आहे. म्हणजे १३० दिनार हे सुमारे ३४६ डॉलर झाले. रुपयांत किती, ते आजचा भाव बघून तुम्हीच काढा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

इथे थोडा इतिहास. एकेकाळी बहरीनमध्येही रुपयाच चालत असे. १९५९ साली भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळा रुपया काढला. १९६५ साली बहरीनने स्वतःचा दिनार सुरू केला, तेव्हा दहा रुपयांना एक दिनार मिळाला. म्हणजे त्या दिवशी १३०० चा आकडा एका रात्रीत १३० झाला, पण वस्तूची किंमत काही कमी झाली नाही! आकडा लहान झाला म्हणून खर्च लहान होत नाही.

आणखी एक गोष्ट. बहरीनमध्ये व्हॅट २०१९ साली ५ टक्के लागला आणि २०२२ पासून तो १० टक्के झाला. किंमत व्हॅटसकट असेल तर तिला ११ ने भागले की त्यातला कर कळतो. १३० भागिले ११ म्हणजे ११ दिनार ८१८ फिल्स. महाग वस्तू घेतली की करही जास्त जातो.

पायरी दुसरी : फरकाचे तुकडे करा

१३० दिनार जास्त देऊन नेमके काय मिळते? ताईने विक्रेत्याने दिलेला कागद पुढे ठेवून यादी केली.

स्वस्त यंत्रात ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची साठवण होती. महागात १६ जीबी रॅम, ५१२ जीबी साठवण, चित्रांसाठी वेगळा ग्राफिक्सचा भाग आणि धातूची बॉडी.

हे शब्द कठीण वाटतात ना? स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी आई. साठवण म्हणजे डबे ठेवायचे फडताळ. रॅम म्हणजे ओटा. फडताळ कितीही मोठे असले तरी ओटा लहान असेल तर पोळपाट ठेवायला परात उचलावी लागते, परात ठेवायला कढई. आई तीच, हात तेच, पण काम रेंगाळते. कमी रॅमच्या लॅपटॉपवर पाच-सहा खिडक्या एकदम उघडल्या की असेच होते. म्हणून वर्षानुवर्षे वापरायच्या यंत्रात ओटा ऐसपैस असलेला बरा.

आता प्रत्येक तुकड्यापुढे ताईने लिहिले : "मला हे लागते का?" रॅम : हो. साठवण : हो, घरचे फोटो त्यातच राहणार. वेगळे ग्राफिक्स : वास्तुरचनेची त्रिमितीय चित्रे, मोठे व्हिडिओ, भारी खेळ यांना लागते; दहावीच्या अभ्यासाला नाही. धातूची बॉडी : इथे तिची पेन्सिल थांबली. मग तिने प्रामाणिकपणे लिहिले, "हौस."

हौस वाईट नाही. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतोच. पण हौसेला हौसच म्हणावे, "अभ्यासासाठी लागते" असे तिचे नाव बदलू नये.

आणि मराठी लिहायला? त्यासाठी महाग यंत्राची मुळीच गरज नाही. देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कळफलक भारतात १९९१ साली प्रमाण ठरला. तो आजच्या विंडोजमध्ये आयताच असतो, फक्त सुरू करावा लागतो. १९० चा असो की ३२० चा, "क" दोन्हीकडे सारखाच उमटतो.

पायरी तिसरी : वर्षाला किती पडले?

बाबांनी अंदाज धरला की स्वस्त यंत्र चार वर्षे नीट चालेल आणि महाग सहा वर्षे.

१९० भागिले ४ = वर्षाला ४७ दिनार ५०० फिल्स.
३२० भागिले ६ = वर्षाला ५३ दिनार ३३३ फिल्स.

महाग यंत्र दोन वर्षे जास्त चालूनही महागच पडले. बरोबरी व्हायला ते जवळजवळ पावणेसात वर्षे चालायला हवे. तोपर्यंत ताई कॉलेज संपवून बाहेर पडलेली असेल. शिवाय परदेशात राहणाऱ्या माणसाने फार लांबचा हिशोब धरताना जपावे. आज इथे, उद्या बदली, परवा पुणे!

पायरी चौथी : दोनच वस्तू आहेत का?

आता आईने विचारले, "दुकानात दोनच लॅपटॉप होते का ग? स्वस्त घेऊन त्याची रॅम नंतर वाढवता नाही का येणार?"

प्रश्न फार चांगला होता. काही यंत्रांत रॅम बदलता येते. पण पुष्कळ पातळ यंत्रांत ती मुख्य पट्टीलाच डाग देऊन बसवलेली असते, मग जन्मभर तेवढीच. दुसऱ्या दिवशी ताईने जाऊन विचारले, तर १९० वाल्यात ती बसवलेलीच होती. मात्र विचारल्यावर विक्रेत्याने मागच्या फळीवरून तिसरे यंत्र काढले : १६ जीबी रॅम, ५१२ जीबी साठवण, बॉडी साध्या काळ्या प्लास्टिकची, किंमत २२५ दिनार.

ताईने तिथेच हिशोब केला. पाच वर्षे धरली तर २२५ भागिले ५ = वर्षाला ४५ दिनार. तिन्हींत कमी! हे यंत्र पाचऐवजी पावणेपाच वर्षेच चालले तरी स्वस्ताशी बरोबरी होते, आणि रोजचा खोळंबा वाचतो तो वेगळाच.

म्हणजे १३० दिनारांच्या फरकातले पहिले ३५ दिनार कामाचे निघाले. उरलेले ९५ दिनार ग्राफिक्सचे आणि चकाकीचे होते. "महाग घ्यावे की स्वस्त?" हा प्रश्नच अपुरा होता. "कुठपर्यंतचे जास्तीचे पैसे उपयोगाचे?" असे विचारायला हवे.

विक्रेत्याने मग भारी पिशवी, खास माऊस आणि वाढीव हमी पुढे केली. बाबा हसून म्हणाले, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला नको." राहिलेल्या ५ दिनारांत एक साधी पिशवी आली. आजीच्या पैशांना हात लागला नाही.

त्या रात्री ताईने आजीला फोन केला. लॅपटॉपचे सांगून झाल्यावर तिने विचारले, "आजी, डोळ्यांची तारीख ठरली का?" बाबांनी तिला त्या पैशांबद्दल काहीच सांगितले नव्हते. आईचे आणि त्यांचे बोलणे तिने दाराआडून ऐकले होते.

पालकांसाठी चार गोष्टी

१. देश सोडून जाणाऱ्यांकडून जुना लॅपटॉप घेताना तो विंडोज ११ चालवतो का हे आधी पाहावे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि कितीतरी जुन्या यंत्रांवर ११ बसत नाही.
२. हमी भारतात चालते का, हे विचारून लेखी घ्यावे.
३. इथल्या उन्हाळ्यात लॅपटॉप बंद गाडीत ठेवू नये. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, महागाची असो वा स्वस्ताची.
४. भारतात जाताना १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप जकात न भरता नेता येतो. मुलांच्या नावावर ही सवलत धरू नये.

वरचे उत्तर सर्वांचे उत्तर नव्हे. ज्याचे पोटच चित्रफिती जुळवण्यावर किंवा इमारतींचे आराखडे करण्यावर चालते, त्याला ते ९५ दिनार पहिल्याच महिन्यात वसूल होतील. पायऱ्या त्याच राहतात, उत्तर घराप्रमाणे बदलते.

शब्दार्थ

फडताळ – भिंतीतले कपाट. कळफलक – अक्षरांची बटणे असलेली पाटी. त्रिमितीय – लांबी, रुंदी आणि उंची दाखवणारे. हमी – वस्तू बिघडल्यास दुरुस्त करून देण्याचे वचन. जकात – माल देशात आणताना द्यावा लागणारा कर. खोळंबा – काम अडून राहणे. वसूल होणे – घातलेले पैसे परत मिळणे.

स्वाध्याय

१. २२५ दिनार किंमत १० टक्के व्हॅटसकट आहे. त्यात कर किती? (दिनार आणि फिल्समध्ये लिहा.)
२. एक जुना लॅपटॉप ९० दिनारांना मिळतो आणि दोन वर्षे चालेल असे वाटते. वर्षाला किती पडतात? तो घेण्यापूर्वी तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल?
३. "अंथरूण पाहून पाय पसरावे" आणि "दिसते तसे नसते, म्हणून जग फसते" या म्हणी पाठात कुठे बसतील ते सांगा.
४. बाबांनी आजीच्या पैशांबद्दल ताईला सांगायला हवे होते का? घरी चर्चा करा आणि तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहून पुढच्या शुक्रवारी आणा.