जुन्या मॅकवर लिनक्स : सुरू होतांना अडतें कोठें?

संगणकाच्या खोलींत खिडकीशीं जो पांढरा आयमॅक ठेविला आहे, तो २००६ सालच्या अखेरचा असून एका माजी विद्यार्थ्यानें शाळेस भेट दिला आहे. यंत्र धडधाकट आहे व पडदाहि स्वच्छ आहे. परंतु त्यावर चालणारी कंपनीची शेवटची कार्यप्रणाली २०११ सालची ‘लायन’ ही होय, आणि तिच्यावर आजचीं पुष्कळशीं संकेतस्थळें नीट उघडत नाहींत. म्हणून मागील पावसाळ्यांत आम्हीं त्यावर लिनक्स घातलें. लिनक्सचा आरंभ १९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें केला. तें कोणासहि विनामूल्य घेतां येतें व जुन्या यंत्रांवरहि बरें चालतें. महिनाभर सर्व सुरळीत होतें. मग एके सकाळीं मुलें मला बोलावण्यास आलीं. पडद्यावर एका फोल्डरचें चित्र व त्यांत लुकलुकणारें प्रश्नचिन्ह. ह्यापलीकडे यंत्र कांहींच दाखवीना.

चकती बिघडली असें मीं ठरविलें आणि “सर्व पुसून पुन्हां घाला” अशी आज्ञा केली. त्या चकतीवर नववींतील एका मुलीनें आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या टंकून ठेविल्या होत्या. तेथें कोणाचें काय आहे ह्याची मीं चौकशीहि केली नाहीं. तिनें पुढें त्या आठवून पुन्हां लिहिल्या. दोन मात्र तिला आठवेनात, आणि आजी तोंवर गांवीं परतली होती. चकतीस कांहींहि झालें नव्हतें, हें मला नंतर समजलें. हा लेख लिहिण्याचें कारण तेंच आहे.

वीज देतांच यंत्रांत प्रथम जागा होतो तो त्याच्या मुख्य पाटीवरील चिपमध्यें लिहिलेला एक लहानसा कार्यक्रम. ह्यास फर्मवेअर म्हणतात. इंटेल प्रोसेसरच्या मॅकमध्यें तें ईएफआय ह्या पद्धतीचें असतें. लिनक्स कसें चालवावें हें त्यास ठाऊक नसतें. चकतीवरील एका छोट्या विभागांत तें ठराविक फाइल शोधतें आणि पुढील काम तिच्या स्वाधीन करतें. लिनक्सच्या बाबतींत ही फाइल बहुधा ‘ग्रब’ ह्या कार्यक्रमाची असते. ग्रब लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, चकतीवरून उचलून मेमरींत आणतें. आणि कर्नल मग मुख्य विभाग उघडतो, ज्यांत आपले निबंध, पत्रें व चित्रें असतात.

तुमच्या घरच्या वडील माणसांना शकुंतला गाडीचा प्रवास आठवत असेल. यवतमाळाहून मूर्तिजापुरास जाणारी ती गाडी अडीच फूट रुंदीच्या रुळांवर चाले. मुंबईस किंवा नागपुरास जाणारास मूर्तिजापुरीं उतरून मोठ्या रुळांच्या गाडींत बसावें लागे. फर्मवेअर ही ती लहान गाडी, ग्रब हें मूर्तिजापूर व कर्नल ही मोठी गाडी असें समजा. उतारू वाटेंत अडकला म्हणून मुंबई बुडाली असें कोणी म्हणत नाहीं. मीं नेमकें तेंच म्हटलें होतें.

आमच्या आयमॅकला ही उपमा आणखीहि एका रीतीनें लागू पडते. त्याचा प्रोसेसर ६४ बिटांचा, पण फर्मवेअर ३२ बिटांचें आहे. २००६ सालच्या आणखीहि कांहीं मॅकमध्यें असाच प्रकार आढळतो. लिनक्सच्या अनेक आवृत्तींत केवळ ६४ बिटांच्या फर्मवेअरसाठीं असलेली फाइल असते. तिचें नांव ‘बूटएक्स६४’. ती ह्या यंत्रास चालवितां येत नाहीं. लहान रुळांची गाडी मोठ्या रुळांवर शिरेल कशी? त्यामुळें पहिल्या प्रयत्नांत पेन ड्राइव्ह लावून व ऑप्शन कळ दाबून धरूनहि निवडीच्या पडद्यावर तो दिसेचना. ‘बूटआयए३२’ ही फाइल असलेली आवृत्ति आणल्यावर तो लगेच दिसला. ३२ बिटांचें ग्रब ६४ बिटांचा कर्नल खुशाल सुरू करूं शकतें. गाडी बदलते ती तेथेंच.

आतां त्या प्रश्नचिन्हाकडे वळूं. त्याचा अर्थ इतकाच कीं, पुढील काम कोणाच्या हातीं द्यावें हें फर्मवेअरला सांपडलें नाहीं. चकती खरोखर निकामी झाली तरी हेंच चिन्ह दिसतें, परंतु पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून पाहिल्याखेरीज तसें ठरवितां येत नाहीं. लिनक्स घालतांना ग्रबची फाइल त्या छोट्या विभागांतील एका स्वतंत्र फोल्डरमध्यें ठेविली जाते, आणि तिचा पत्ता एनव्हीरॅम नांवाच्या स्मृतींत नोंदविला जातो. मॅकमध्यें ही नोंद टिकेलच असा भरंवसा नसतो. सुरुवातीस ऑप्शन, कमांड, पी व आर ह्या चार कळा एकदम दाबून धरल्या तर ती पुसली जाते. आदल्या दिवशीं यंत्रांतून आवाज येत नाहीं म्हणून एका मुलानें हा उपाय करून पाहिला होता. त्याचा त्यांत दोष नाहीं. परंतु काय केलें हें मला सांगण्यास तो भ्याला, ह्याचें मात्र वाईट वाटलें.

पत्ता हरवला तरी फाइल सांपडावी, ह्यासाठीं एक सोय आहे. त्या विभागांतील ‘ईएफआय’ फोल्डरच्या आंत ‘बूट’ ह्या फोल्डरमध्यें वर सांगितलेल्या ठराविक नांवाची फाइल असेल, तर फर्मवेअर ती ओळखतें, निदान ऑप्शन कळ धरल्यावर तरी दाखवितें. तेव्हां ग्रबची प्रत तेथें ठेवावी. यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरू करावें. मुख्य विभाग उघडून आधीं सर्व लेखांची प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी, दुरुस्ती मागाहून. मग मुख्य विभाग व ईएफआय विभाग आपापल्या जागीं माउंट करून, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ व ‘सिस’ हीं फोल्डरें जोडून, ‘सीएचरूट’ ह्या आज्ञेनें चकतीवरील लिनक्समध्यें शिरावें. ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा ‘रिमूव्हेबल’ हा शब्द जोडून चालवावी, आणि शेवटीं ‘अपडेट-ग्रब’. आमच्या यंत्रास ग्रबचा ३२ बिटांचा प्रकार सांगावा लागला. नंतरच्या इंटेल मॅकना ६४ बिटांचा लागतो.

प्रश्नचिन्हाऐवजीं ‘ग्रब’ एवढाच शब्द दिसून यंत्र थांबलें, तर गाडी मूर्तिजापुरास पोहोंचली आहे. ग्रबला आपली यादी तेवढी सांपडत नाहीं. इलाज वरचाच. यादी दिसते पण पुढें पडदा काळाठिक्कर, हें आम्हांस दिवाळीनंतर घडलें, आणि ह्या वेळीं कोणीं कांहीं पुसलें नाहीं. यंत्र आंतून चालूच असतें. चित्र दाखविणाऱ्या चिपशीं कर्नलाचें जुळत नाहीं इतकेंच. यादी समोर असतां ‘ई’ दाबावें, ‘लिनक्स’ ह्या शब्दानें आरंभ होणाऱ्या ओळीच्या शेवटीं ‘नोमोडसेट’ हा शब्द घालावा व एफ१० दाबावें. चित्र येतें, मात्र हालचाल मंद होते. चलच्चित्रें पाहण्याचा मोह त्यामुळें आपोआप सुटतो. ‘इनिटरॅमएफएस’ असें लिहून यंत्र थांबल्यास कर्नल आला, पण त्यास मुख्य विभाग सांपडला नाहीं असें समजावें. तेथें ‘बीएलकेआयडी’ ह्या आज्ञेनें विभागांच्या खुणा ताडून पाहाव्या.

पालकांपैकीं कोणाकडे २०१८ ते २०२० ह्या काळांतला इंटेल मॅक असेल, तर एक गोष्ट आधींच करावी. त्यांतील बहुतेकांत टी२ नांवाची चिप असते, व ती मूळच्या बंदोबस्तांत लिनक्सला सुरूच होऊं देत नाहीं. सुरू करतांना कमांड व आर दाबून ‘स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी’ उघडावी आणि सुरक्षेचें बंधन काढून बाहेरील ड्राइव्हवरून सुरू होण्यास परवानगी द्यावी. ह्यासाठीं मूळ प्रणालींतील मुख्य खात्याचा परवलीचा शब्द लागतो. म्हणून ती प्रणाली पुसण्यापूर्वींच हें उरकावें.

दोन्ही फाइली असलेला लिनक्सचा पेन ड्राइव्ह माझ्या कपाटांत आहे. ज्यांच्या घरीं असें यंत्र अडून बसलें असेल त्यांनीं पडद्यावर नेमकें काय दिसतें तें कागदावर उतरवून मधल्या सुटींत माझ्याकडे आणावें, आणि तोंवर कांहीं पुसूं नये.