एकोणीस महिन्यांचे वर्ष

पाचगणीचे न्यू एरा हायस्कूल बहाईंनी १९४५ साली सुरू केले, हे आपण ऐकून असतो. त्यांचे पंचांग मात्र सहसा कोणी उघडून पाहत नाही.

त्यात एकोणीस दिवसांचा महिना, व असे महिने एकोणीस. झाले ३६१ दिवस. उरलेले चार किंवा पाच कोणत्याच महिन्यात धरीत नाहीत; शेवटच्या महिन्याआधी घालतात आणि पाहुणचारात, दानधर्मात घालवितात. पुढचा महिना उपवासाचा. दिवस सूर्यास्ताला बदलतो, आपल्यासारखा सूर्योदयाला नव्हे.

नवरोज हा वर्षारंभ. वसंतसंपात तेहरानच्या सूर्यास्तापूर्वी झाला तर तोच दिवस, नंतर झाला तर पुढचा. म्हणून २०२३ मध्ये नवरोज २१ मार्चला आला, २०२४ मध्ये २० मार्चला.

येथवर हिशेब सूर्याचा. परंतु बाब व बहाउल्ला या दोघांचे जन्मदिन चंद्रावर ठरतात. इस्लामी कालगणनेत ते मोहरमच्या १ व २ तारखेला, लागोपाठ येतात. ही जोडी राखण्यासाठी नवरोजनंतरच्या आठव्या अमावास्येपाठचे दोन दिवस घेतात. २०१५ पासून ही रीत जगभर एकच आहे. त्यामुळे अधिक मासाने आपले सण सरकतात तसे हेही सरकतात. २०२३ साली ते १६-१७ ऑक्टोबरला, ऐन नवरात्रात आले. २०२४ साली २-३ नोव्हेंबरला, अगदी पाडवा-भाऊबीजेला!

त्या वर्षी तरी बहाई विद्यार्थ्याला रजेचा अर्ज करावा लागला नसेल. एरवी वर्षातून नऊ पवित्र दिवस कामकाज बंद ठेवावे हा त्यांचा नियम, आणि आपल्या सुट्ट्यांच्या यादीत त्यांतल्या एकाचेही नाव नसते.