रुग्णोपचारात संगीत : सात्म्याचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात संशोधनापूर्वी करावयाच्या सिद्धतेचे वर्णन आहे. त्यात औषधी, पात्रे व शय्या यांच्याबरोबर गायन, वादन व कथाकथन यांत कुशल असे परिचारकही सांगितले आहेत. त्यांना रुग्णाचा अभिप्राय कळावा, ते त्यास मान्य असावेत, अशी अपेक्षाही तेथेच आहे. संगीतोपचारावर बोलताना आपण त्या यादीतील गायक आवर्जून सांगतो. ही अपेक्षा मात्र विसरतो.

मीही विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी उजव्या अंगाच्या पक्षाघाताने वाक्संग झालेल्या एका रुग्णास बस्तिक्रमाच्या काळात मी दरबारी कानड्याचे ध्वनिमुद्रण ऐकण्यास दिले. दोष, काळ, राग असा सारा हिशेब मांडून! तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने मोबाईल दूर लोटला. पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांचा सारा जन्म भजनात गेला. हे असलं ऐकलं की ह्यांचं डोकं फिरतं." भजने सुरू केली. आठवड्याभरात अभंगाचे शब्द चालीसह उमटू लागले. बोलताना मात्र तेच शब्द निघत नसत.

यात चमत्कार नाही. भाषेची केंद्रे बहुतेकांत मेंदूच्या डाव्या गोलार्धात असतात. गायनात उजव्याचाही मोठा सहभाग असतो. चालीतून वाक्ये म्हणवून घेण्याची उपचारपद्धती अमेरिकेत १९७३ मध्ये मांडली गेली, ती याच निरीक्षणावर. हेलसिंकी येथील २००८ च्या अभ्यासात पक्षाघाताच्या रुग्णांनी दोन महिने रोज स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकले. ध्वनिपुस्तके ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांची शाब्दिक स्मृती व अवधान अधिक सुधारले. मॉन्ट्रियलच्या २०११ च्या अभ्यासात संगीताने रोमांचित होणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिन स्रवताना आढळले. तेथेही संगीत श्रोत्यांनीच निवडले होते. आपल्या परिभाषेत हे सात्म्यच होय.

याउलट १९९३ चा मोत्झार्ट-प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला, आणि परिणाम सुमारे पंधरा मिनिटांत ओसरला. तरी त्यावर बालकांच्या बुद्धिवर्धनाचा बाजार उभा राहिला. 'अमुक दोषावर अमुक राग' असे तक्ते औषधालयात लावणाऱ्या आपल्या बंधूंनी एवढे ध्यानी घ्यावे.

रुग्णपत्रकात आहार-विहाराबरोबर आवडत्या गाण्याची नोंद करावी. आवाज मंद ठेवावा. वाक्संगात नुसते ऐकवू नये, सोबत गुणगुणण्यास लावावे आणि वाचोपचारतज्ज्ञांकडे अवश्य पाठवावे. आमच्या रुग्णासही पाठविले होते. सहा महिन्यांनी ते पत्नीस नावाने हाक मारू लागले. त्यात बस्तीचे श्रेय किती, वाचोपचाराचे किती आणि अभंगाचे किती, हे मला सांगता येणार नाही.